‘बग’ हा शब्द पतंगामुळे आला नाही

नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रामरला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हमखास सांगते, की संगणकात एक पतंग (उडणारा कीटक) अडकला, तो अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी शोधून काढला आणि तेव्हापासून प्रोग्राममधील चुकीला ‘बग’, म्हणजे इंग्रजीत किडा, म्हणू लागले. गोष्ट रंजक आहे. पण तिच्यातला पतंग तेवढा खरा.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क २ या संगणकाच्या ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, तो सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून खाली लिहिले, ‘बग सापडल्याची पहिली खरीखुरी घटना’. ‘खरीखुरी’ या शब्दातच विनोद आहे, कारण बग म्हणजे बिघाड हा अर्थ लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक नसता, तर असे लिहिण्यात काही गंमतच उरली नसती. थॉमस एडिसन यांनी तर १८७८ मधील पत्रांतच आपल्या उपकरणांतील बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटले होते.

हॉपर यांनी हा किस्सा व्याख्यानांतून इतक्यांदा रंगवून सांगितला, की पुढे शोधाचे श्रेयही लोकांनी त्यांनाच देऊन टाकले. वास्तविक पतंग सापडला तेव्हा त्या तेथे नव्हत्या. अनेक ठिकाणी या घटनेचे वर्ष १९४५ असे छापलेले आढळते, तेही चुकीचे आहे. पतंगासह ते पान आजही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपलेले आहे.