कालव्यातली लाट, थेम्समधली भरती

लंडनच्या लाइमहाऊस बेसिनमध्ये, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या गोदीत, बांधून ठेवलेल्या नॅरोबोटी (कालव्यातल्या लांब, अरुंद बोटी) आणि थेम्स नदी यांच्यामध्ये फक्त एक लॉक आहे, म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसरीवर नेणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा हौद. आतल्या पाण्याची पातळी दिवसभर जवळपास तीच राहते. दारापलीकडे, उधाणाच्या दिवसांत, पाणी साधारण सहा तासांत सात मीटरच्या आसपास चढतं आणि नंतर तेवढंच उतरतं. साचलेल्या पाण्यासाठी बांधलेली, शंभरेक वर्षांची जुनी मालवाहू बोट या दारातून काढून शहराच्या पश्चिमेला ब्रेंटफर्डपर्यंत न्यायची असेल, तर इंजिनाच्या ताकदीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं ठरतं. का, ते कळायला आधी कालव्यात शिरावं लागेल.

नॅरोबोटीचा आकार ठरवला पैशाने आणि पाण्याने. 1760 च्या दशकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने इंग्लंडमधला ट्रेंट अँड मर्सी कालवा आखताना लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवले. लॉक अरुंद असला की बांधकाम स्वस्त पडतं, आणि प्रत्येक बोटीमागे खालच्या टप्प्यात सोडावं लागणारं पाणीही वाचतं. म्हणून बोटी झाल्या सुमारे 2.1 मीटर रुंद आणि 21 मीटरच्या आसपास लांब. अशा बोटीत 25 टन कोळसा भरला तरी एक घोडा ती ओढून नेई.

लंडनमधला रीजंट्स कालवा 1820 मध्ये लाइमहाऊसपर्यंत पूर्ण झाला. त्याचे लॉक दुप्पट रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारीशेजारी मावतात. कॅम्डेनपासून लाइमहाऊसपर्यंत असे 12 लॉक आणि एकूण उतार सुमारे 26 मीटर. लॉकच्या दाराच्या दोन झडपा एकमेकींना कोन करून मिटतात आणि कोनाचं टोक चढाच्या पाण्याकडे असतं, त्यामुळे पाणीच दार दाबून धरतं. किती जोराने? झडप 2.2 मीटर रुंद, दोन मीटर पाण्यात बुडालेली आणि दोन्हीकडच्या पातळीत फक्त 10 सेंटिमीटर फरक, असं धरू. प्रत्येक चौरस मीटरवर 100 किलो, म्हणजे एका झडपेवर 440 किलोचा भार. दाराला जोडलेल्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकवून कितीही रेटा, ते हलत नाही. फरक सेंटिमीटरभर उरला की तेच दार सावकाश सुटतं. हौशी पाहुणे कोण आणि मुरलेले कोण, हे इथे लगेच कळतं. मुरलेला माणूस दांड्याला नुसता टेकून उभा असतो.

वाटेत इझलिंग्टनचा 878 मीटरचा बोगदा लागतो. त्यात घोड्यासाठी वाट नाही. घोडा टेकडीवरून चालत पलीकडे जाई आणि माणसं बोटीवर उताणी पडून भिंतींना पाय लावत बोट ढकलत. 1826 मध्ये तिथे वाफेची ओढबोट आली. बोगद्यात बोट पिचकारीच्या दट्ट्यासारखी वागते. पुढचं पाणी मागे यायला बोटीच्या दोन्ही बाजूंना थोडीशीच जागा असते.

उघड्या कालव्यातही थोड्याफार फरकाने हेच होतं. कालव्यांवरची वेगमर्यादा ताशी साधारण साडेसहा किलोमीटर आहे, पण ती नसती तरी फारसं बिघडलं नसतं. इंजिनाला जास्त जोर दिला की बोटीचा मागचा भाग खाली बसतो, काठावर लाटा आपटतात, डिझेल जळतं आणि वेग मात्र वाढत नाही.

या अडथळ्याचा छडा लावायला एक बुजलेला घोडा कामी आला. ग्लासगो आणि पेस्ली यांच्यामधल्या कालव्यावर विल्यम ह्यूस्टन याच्या हलक्या बोटीचा घोडा बिथरला आणि बोटीसकट भरधाव सुटला. बोट आणखी जड व्हायला हवी होती, तर झालं उलटं. काठावर आपटणारी लाट विरली आणि बोट सहज पळू लागली. जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. 1834 मध्ये एडिंबराजवळच्या युनियन कालव्यावर त्याला स्वतःलाही काही दिसलं. घोड्यांनी ओढलेली बोट एकदम थांबली, पण नाकापाशी साचलेलं पाणी थांबलं नाही. सुमारे 30 फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच असा पाण्याचा एकच गुळगुळीत उंचवटा कालव्यातून पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून त्याचा मैल-दोन मैल पाठलाग केला. वेग होता ताशी आठ-नऊ मैल, म्हणजे 13-14 किलोमीटर. त्या लाटेचं समीकरण कोर्टेवेग आणि द फ्रीस या दोन डच गणितज्ञांनी 1895 मध्ये मांडलं. आज आपण तिला सॉलिटॉन म्हणतो.

उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. दीड मीटर खोलीला उत्तर येतं ताशी सुमारे 14 किलोमीटर, म्हणजे रसेलचा घोडा बरोबर धावत होता. नॅरोबोटीखाली पाणी बहुधा याहून कमीच असतं, 1.2 मीटर धरलं तर मर्यादा 12 किलोमीटरवर येते. तिच्या जवळ जाऊ लागलं की बोट आपणच उठवलेल्या लाटेच्या चढणीला लागते. हलकी बोट त्या लाटेवर स्वार होऊन पुढे निसटू शकते. 25 टनांची बोट ते करू शकत नाही.

हाच नियम थेम्सच्या भरतीलाही लागू पडतो. भरती ही शेकडो किलोमीटर लांबीची लाट आहे, तिच्या दृष्टीने पाच मीटर खोल नदी कालव्याइतकीच उथळ. सूत्रात पाच मीटर घाला, ताशी 25 किलोमीटर मिळतात. लंडन ब्रिजला पूर्ण भरती आल्यावर नदीत आणखी वर, रिचमंडला ती सुमारे तासाभराने येते आणि मधलं अंतर 27 किलोमीटरच्या आसपास आहे. मात्र 25 हा लाटेचा वेग झाला. प्रत्यक्ष पाणी ताशी चार-पाच किलोमीटरने आत सरकतं.

आता बोटीचा हिशोब सोपा आहे. खोल पाण्यात नॅरोबोट ताशी नऊ किलोमीटर निघते. भरतीबरोबर गेलं तर 13-14, ओहोटीविरुद्ध गेलं तर जेमतेम चार. लाइमहाऊस ते ब्रेंटफर्ड सुमारे 25 किलोमीटर. एका हिशोबाने दोन तास, दुसऱ्याने सहा. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी लॉकमधून निघायचं.

ती वेळ काढायची रीत कोकणातल्या माणसाला नवी वाटणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा हिशोब, म्हणजे रोज 45 मिनिटं उशीर. सेंट ऑल्बन्सच्या मठात तेराव्या शतकात लंडन ब्रिजच्या भरतीचं एक कोष्टक लिहिलं गेलं. त्यातही चंद्राच्या वयाप्रमाणे वेळ रोज पुढे ढकलली आहे, पण 48 मिनिटांनी. तीस दिवसांत 24 तासांचा फेरा त्यामुळे नेमका पुरा होतो. प्रत्यक्षात उशीर सरासरी 50 मिनिटांचा असतो.

लाइमहाऊसच्या लॉकमधून बाहेर पडताना काही क्षण अवघड असतात. 21 मीटर बोटीचं नाक वाहत्या पाण्यात आणि शेपूट अजून स्थिर पाण्यात, त्यामुळे प्रवाह नाक पकडून बोट फिरवतो. भरतीला तो पश्चिमेकडेच फिरवतो हे नशीब. पुढे मोठ्या प्रवासी बोटींच्या लाटा. कालव्यात वर्षानुवर्षं डिझेलच्या टाकीत तळाशी बसलेला गाळ या हिंदकळण्याने वर येतो आणि फिल्टर तुंबवतो. नदीत इंजिन बंद पडलं तर काठ हाताशी नसतो, म्हणून नांगर आधीच बांधून तयार ठेवतात. बोट ढकलणाऱ्या पंख्यात अडकलेल्या पिशव्या काढायला बोटीच्या मागच्या टोकाशी, पंख्याच्या वर जे झाकण असतं, त्याचे स्क्रूही निघण्यापूर्वी पुन्हा आवळतात.

काही जुन्या बोटींत अजून बोलिंडर इंजिन आहे. स्वीडनचं हे एका सिलिंडरचं धूड 1912 पासून इंग्लंडच्या मालवाहू नॅरोबोटींत बसू लागलं. आधी ब्लोलँपने, म्हणजे ज्योतीच्या दिव्याने, सिलिंडरचं डोकं तापवायचं, मग ते सुरू होतं. मागे जायला गिअर नाही. इंजिन मंद करून, ते बंद पडायच्या बेतात असताना नेमक्या क्षणी इंधन मारायचं, की ते उलटं फिरू लागतं. क्षण चुकला तर बंदच. कालव्यात हा खेळ मजेशीर वाटतो, नदीत वळण घेताना नाही.

ब्रेंटफर्डचा थेम्स लॉक पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच घेतो, एरवी दाराबाहेर पुरेसं पाणीच नसतं. ती वेळ हुकली, तर पुढचे आठ तास नदीतच कुठेतरी थांबायचं.