आक्रमक परकीय प्रजातींचं नियंत्रण (मध्य प्रदेश)

बाहेरच्या मुलखातून आलेलं एखादं झाड, किडा किंवा मासा इथे रुजला, आपणहून पसरत सुटला आणि इथल्या पिकाला, रानाला, पाण्याला जड व्हायला लागला की त्याला आक्रमक परकीय प्रजाती म्हणतात. नुसतं बाहेरचं असणं वाईट नाही, मिरची, बटाटा, सोयाबीन सगळं बाहेरूनच आलंय आणि अख्खा माळवा सोयाबीनवर चालतो. पण सोयाबीन पेरावं लागतं, गाजरघास कोणी न पेरता उगवते.

नावांचा घोळ आधी सोडवलेला बरा, कारण इंदूरच्या मराठी घरात आपण जलकुंभी म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे जलपर्णी म्हणतात, इथली रायमुनिया तिकडे घाणेरी किंवा टणटणी होते, आणि गाजरघास म्हणजे त्यांचं काँग्रेस गवत. झाडं तीच.

गाजरघास ही मूळ अमेरिका खंडातली. भारतात ती नजरेत भरली 1950च्या दशकात, पुण्यात, आणि आयात गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. एका रोपाला हजारो बिया लागतात, चांगलं पोसलेलं रोप वीस-पंचवीस हजारांपर्यंतही जातं, आणि बी इतकं बारीक की वारा, पाणी, ट्रकचं टायर, बुटाचा चिखल काहीही पुरतं. पहिल्या पावसानंतर इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर बघा, आधी कोथिंबिरीसारखी पानं जमिनीला चिकटून दिसतात, नंतर दांडा वर येतो आणि महिना-सव्वा महिन्यात पांढरी बारीक फुलं. सगळा खेळ या फुलाच्या आधी आहे! फूल यायच्या आत मुळासकट उपटली तर खड्ड्यात कुजवून चक्क खत होतं, पण फूल आल्यावर उपटून ढीग कोपऱ्यात टाकला तर आपणच बी पसरवलं असं होतं. दरवर्षी हीच चूक होते, तण कंबरेएवढं वाढल्यावर मशीन येतं, वरवर कापून जातं आणि पंधरा दिवसांत बुंध्यातून परत फुटवे येतात. उपटताना हातमोजे पाहिजेत. मी एकदा उघड्या हातांनी अर्धा प्लॉट साफ केला होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत आठ दिवस खाज सुटली होती. काहींना तर दमाही होतो.

हातानं पुरं पडत नाही तिथे मेक्सिकन भुंगा कामाला येतो. झायगोग्रामा बायकोलोराटा हे त्याचं शास्त्रीय नाव, भारतात 1983 मध्ये मेक्सिकोहून आणला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूला सोडला. दिसायला छोटासा, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा, पानाच्या खाली पिवळसर अंडी. पावसात त्याची फौज लागली की नुसते दांडे उरतात. थंडीत तो मातीत जाऊन झोपतो, त्यामुळे हिवाळी आणि उन्हाळी गाजरघासेवर त्याचा उपयोग नाही. मधे तो सूर्यफुलाची पानं खातो म्हणून मोठा वाद झाला होता, तपासाअंती धोका नाही असं ठरलं. आपल्याच राज्यात जबलपूरला तणांवर काम करणारी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) केंद्रीय संस्था आहे, तिथून हे भुंगे मिळतात आणि दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट गाजरघास जागरूकता सप्ताह होतो. तारखा बरोबर निवडल्यात, पण माळव्यात पाऊस लवकर आला तर तोवर पहिली पिढी फुलावर आलेली असते, म्हणून आपल्याकडे जुलैतच हात लावावा. जागा मोकळी ठेवली तर गाजरघास परत येणारच, तिथे टाकळा (इथल्या भाषेत पुवाड) पेरला तर तो तिला वर येऊ देत नाही.

रानातली गोष्ट वेगळी. रायमुनिया इंग्रजांनी बागेसाठी आणली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि आता देशात दीड लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त जंगल तिच्या ताब्यात असल्याचा अंदाज आहे. ती वाढली की खाली गवत उरत नाही, गवत नाही तर चितळ नाही, आणि पुढचं वाघापर्यंत जातं. वरून छाटून किंवा जाळून ती मरत नाही. कान्हासारख्या ठिकाणी वापरलेली पद्धत अशी की मुख्य मूळ जमिनीच्या थोडं खाली कुदळीनं तोडायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं म्हणजे ते परत रुजत नाही, मग त्या जागी देशी गवत लावायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखालची नवी रोपं काढत राहायचं. खर्च कापण्यात कमी आणि परत-परत जाण्यात जास्त होतो, बजेटमध्ये मात्र पहिल्या वर्षाचंच लिहिलेलं असतं, म्हणून बरीच कामं फुकट जातात असं मला वाटतं. चंबळच्या बीहडांत (नदीकाठच्या खोल घळींत) विलायती बाभूळ तर सरकारनंच 1980च्या दशकात विमानातून बी टाकून लावली, माती धरून ठेवायला. माती काही प्रमाणात धरली गेली, पण आता ती बाभूळ काढणं हेच एक काम झालंय.

पाण्यात दोन मोठे शत्रू. जलकुंभी दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांसाठी आणलेली, आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. पण तिचं खरं खाद्य म्हणजे नाल्याचं पाणी. इंदूरचा सिरपूर तलाव आणि यशवंत सागर दोन्ही 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, आणि अशा तलावांत सांडपाणी येत राहिलं तर कितीही बोटी लावून जलकुंभी काढा, ती येणारच.

दुसरी साल्व्हिनिया, पाण्यावर तरंगणारी वनस्पती, बैतूल जिल्ह्यात सारनीच्या सातपुडा जलाशयावर लोक तिला चायनीज झालर म्हणायचे. हिला बी येतच नाही, तुकडा तुटला की नवं झाड. सायर्टोबॅगस नावाचा दोन मिलिमीटरचा भुंगा फक्त हीच खातो, त्याची अळी आतल्या खोडात बोगदा करते, मग हिरवा गालिचा तपकिरी होऊन बुडतो. केरळात हा भुंगा 1980च्या दशकापासून वापरतात. जबलपूरच्या संस्थेनं 2019 नंतर आधी कटनी जिल्ह्यातल्या एका गावतलावात तो सोडला, दीडेक वर्षात तलाव मोकळा झाला, नंतर सारनीतही हाच उपाय केला. जलकुंभीवरही वेगळे भुंगे आहेत, पण ते हळू चालतात.

किड्यांमध्ये अलीकडचा मोठा त्रास मक्यावरच्या लष्करी अळीचा, अमेरिकेतली, भारतात पहिल्यांदा मे 2018 मध्ये कर्नाटकात सापडली आणि वर्षभरातच देशात बहुतेक सगळीकडे पोचली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके दिसले की तीच. पोंग्यात (मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) लपलेली असते, म्हणून फवारा तिथे गेला तरच उपयोग, आणि पीक लहान असतानाच.

माशांत थाई मांगूर. आफ्रिकेतला मांसखाऊ मासा, देशात 2000 सालापासून पाळायला बंदी, तरी लपून पाळतात आणि पुरात तळ्यातून नदीत जातो. तिलापिया 1952 मध्ये आणला होता, आता काढता येण्याच्या पलीकडे गेलाय.

कायद्याची बाजू तुकड्या-तुकड्यांत आहे. आयातीवर 2003चा प्लांट क्वारंटाइन आदेश (बाहेरून येणारी झाडं, बियाणं तपासण्याचा), जैवविविधता कायदा 2002चा, आणि वन्यजीव कायद्यात 2022च्या दुरुस्तीनं आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं रोखायचा अधिकार केंद्राला मिळाला. राज्यात मात्र शेतातलं कृषी विभागाकडे, रानातलं वन विभागाकडे, तळ्यातलं मत्स्य विभागाकडे, गल्लीतलं नगर निगमकडे. गाजरघास या चारही हद्दी ओलांडते, त्यामुळे रस्त्याकडेची पट्टी कोणाचीच नसते आणि बी तिथूनच परत शेतात जातं.

घरातल्या अक्वेरियमचं पाणी, त्यातली झाडं आणि नको झालेले मासे तलावात किंवा नाल्यात कधीच ओतू नयेत. झाडं उन्हात पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाकावीत, आणि मासे विकणाऱ्याला परत द्यावेत.