ऊसतोडणी कार्यक्रम

ऊसतोडणी कार्यक्रम : साखर कारखान्याच्या गाळप हंगामात कोणत्या शेतातला ऊस कधी तोडायचा, कोणत्या टोळीने तोडायचा आणि कोणत्या वाहनाने आणायचा याचे क्रमवार नियोजन. येथील विवेचन कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी कारखान्यांच्या पद्धतीला धरून आहे.

जिल्ह्यात ही पद्धत सहकारी कारखानदारी वाढली त्या काळात, बहुधा १९५० नंतरच्या दोन दशकांत रुळली असावी. कसबा बावड्याचा खासगी कारखाना त्याआधीचा. गुऱ्हाळाला असे नियोजन लागत नाही. एका आदणापुरता, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळायच्या रसापुरता, ऊस शेतकरी आपल्या सोयीने तोडतो. १९८४ च्या राज्य आदेशाने कारखान्यांची ऊसक्षेत्रे राखीव झाली. पुढे, १९९७ च्या सुमारास, ही झोनबंदी (राखीव क्षेत्राची सक्ती) उठली आणि नोंदलेला ऊस आपल्याच गव्हाणीत, म्हणजे आपल्याच कारखान्यात, पडेल ही कारखान्याची खात्री राहिली नाही.

क्रम लागणीच्या तारखेने लावावा की पक्वतेने, हा या विषयातला मूळ वाद. आडसाली (जुलै–ऑगस्ट), पूर्वहंगामी (ऑक्टोबर–नोव्हेंबर), सुरू (जानेवारी–फेब्रुवारी) आणि खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) अशा लागणींच्या नोंदी शेती विभागाकडे असतात. तारखेचा क्रम कोणाही सभासदाला वहीत पाहता येतो, वशिल्याचा संशय कमी राहतो. त्यामुळे शेती विभागाचा कल तिकडे. प्रयोगशाळेचा आक्षेप असा की, एकाच दिवशी लावलेला कोसी ६७१ जातीचा ऊस लवकर पक्व होतो, को ८६०३२ जातीचा मागाहून. शिवाय नदीकाठची गाळाची जमीन आणि माळरान यांत फरक पडतोच. उसाच्या शेंड्याकडील व बुडख्याकडील कांड्यांचा ब्रिक्स (रसातील विरघळलेल्या घन पदार्थांचे, मुख्यतः साखरेचे, प्रमाण) हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतात. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस पक्व. तारखेने गट पाडून गटाच्या आत ब्रिक्सने क्रम लावावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्यासाठी शेती विभागाचे कर्मचारी आणि प्रयोगशाळेचे लोक एकाच वेळी शिवारात हवेत.

तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळावा लागतो. उशीर झाला की वजन घटते आणि उसातल्याच इन्व्हर्टेज विकरामुळे साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. कापलेल्या टोकांतून शिरणारे ल्युकोनोस्टॉक जीवाणू डेक्स्ट्रन तयार करतात. त्याने रस चिकट होतो, गाळणी मंदावते आणि साखरेचा दाणा लांबट येतो. म्हणजे फडात गेलेल्या दिवसाची झळ पॅनवरच्या (साखरेचा दाणा धरण्याच्या भांड्यावरच्या) कामगारापर्यंत पोहोचते. जळीत उसात हा ऱ्हास आणखी जलद होतो, म्हणून त्याला पाळी मोडून अग्रक्रम मिळतो.

दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना धरला तर एक कोयता, म्हणजे तोडणाऱ्यांची जोडी, रोज साधारण दीड ते दोन टन तोडतो. त्यामुळे अडीच ते सुमारे ३,३०० कोयते लागतात. तोड दिवसा होते, गाळप मात्र चोवीस तास चालते. रात्रीचा ऊस गाडीतळावर उभा असावा लागतो. मिल सहा तास बंद राहिली की सुमारे १,२५० टन ऊस तुंबतो. तेव्हा बिघाडाची खबर अभियांत्रिकी विभागाने शेती विभागाला त्याच घटकेला द्यायला हवी. गट ऑफिसातून तोडणीच्या चिठ्ठ्या सुटल्या आणि मुकादमाने टोळी फडात घातली की तोड थांबवणे अवघड. उलट ऊस कमी पडल्यास ‘नो-केन’ होऊन, म्हणजे उसाअभावी गाळप थांबून, बॉयलरमध्ये जळणारा बगॅस (उसाचा चोथा) वाया जातो. शेती अधिकारी, मुख्य रसायनज्ञ, मुख्य अभियंता आणि वाहतुकीचे ठेकेदार यांनी रोज सकाळी एकाच तक्त्यावर दुसऱ्या दिवसाचा ऊस ठरवणे हाच यावरचा खरा उपाय आहे. हंगामाआधी छापलेला कार्यक्रम एकट्याने पुरत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा व कृष्णाकाठचा ऊस बुडाला. अशा उसाचा शेंडा कुजतो, पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात. तो लवकर उचलावा लागतो, पण वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जमीन पुरेशी सुकल्याशिवाय, वाहन शेतात जात नाही. वाफशाची माहिती गावच्या शेतकी कर्मचाऱ्याकडूनच येते.

तोडणी यंत्राला रुंद सरी लागते, त्यामुळे लहान तुकड्यांच्या शेतात ते अडचणीचे ठरते. यंत्र उसाचे लहान तुकडे करते. कापलेली टोके वाढल्याने असा ऊस लवकर खराब होतो आणि त्याच्या वाहतुकीला अवधी कमी मिळतो.