रानपिंगळ्याची ओळख आणि १९१४ची खोटी चिठ्ठी

सातपुड्याच्या पायथ्याला सागाच्या रानात भर उन्हात पिंगळा बसलेला दिसला, की पक्षीनिरीक्षक आधी त्याचा माथा बघतात. माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, पोट खाली स्वच्छ पांढरे, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, चोच आणि नख्या दणकट असतील तर तो रानपिंगळा. ठिपकेवाल्या पिंगळ्याशी त्याची गल्लत पूर्वी सर्रास व्हायची. १९६८ मध्ये रानपिंगळा म्हणून पुढे आलेली छायाचित्रेही शेवटी ठिपकेवाल्याचीच निघाली.

रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन झाले १८७३ मध्ये, आजच्या छत्तीसगडातल्या नमुन्यावरून, म्हणजे कापूस भरून जपलेल्या मृत पक्ष्यावरून. पुढच्या दशकात खानदेशातल्या एका ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून आणखी नमुने मिळवले. सगळ्या संग्रहालयांत मिळून नमुने सातच, आणि घोळ त्यातल्या एकाने घातला. नमुन्याला ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी बांधतात; त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. चिठ्ठी लिहिणारा नावाजलेला लष्करी अधिकारी, म्हणून कोणी शंका घेतली नाही. शोध घेणारेही त्या पत्त्यामुळे भरकटले. पुढे नमुन्याची बारकाईने तपासणी झाली. क्ष-किरण चित्रे काढली, टाके आणि आत भरलेला कापूस पाहिला, तेव्हा कळले की हा खानदेशचाच जुना पक्षी. लंडनच्या संग्रहालयातून चोरायचा, उसवून नव्याने शिवायचा आणि चिठ्ठी बदलायची, असा तो प्रकार होता. चोरीपेक्षा चिठ्ठी बदलणे मला अधिक गंभीर वाटते. नमुन्याची किंमत ठिकाण आणि तारखेवर असते, आणि इथे दोन्ही खोटी होती. मांडवीची नोंद बाद झाल्यावर शेवटची खात्रीची नोंद १८८४ची उरली.

नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला, ११३ वर्षांनी, आणि तोही जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या मुलखात. त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातले खंडवा अशा नोंदी वाढत गेल्या. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला, तेव्हा तो फक्त सातपुड्याचा हा समजही गेला. आता नोंदीसोबत छायाचित्र आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण मागतात. २०१८ मध्ये जनुकीय अभ्यासावरून त्याला ठिपकेवाल्या पिंगळ्याच्याच प्रजातीगटात आणले गेले. रानात ओळखताना मात्र अजून माथाच बघावा लागतो.