उंच बॉक्सरनं ठेंगण्या प्रतिस्पर्ध्याशी कसं लढावं
(आमच्या बॉक्सिंग क्लासचे सभासद आणि पालक यांच्यासाठी माहितीपत्रक)

प्रवेश घ्यायला आलेले पालक हमखास सांगतात, "उंची आहे, हात लांब आहेत, ह्याला नक्की जमेल." जमेलही. पण स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) सुरू झालं की हीच उंच मुलं तक्रार घेऊन येतात: समोरचा खाली वाकून आत घुसतो, पोटात मारतो, आणि आपले पंच (ठोसे) त्याच्या डोक्यावरून जातात. अशांसाठी हे पत्रक.

बॉक्सिंग वजनगटात खेळलं जातं, हे आधी लक्षात घ्या. 60 किलोच्या गटात पावणेसहा फुटी मुलगाही 60 किलोचा आणि सव्वापाच फुटीही 60 किलोचाच. ठेंगण्याचं वजन कमी लांबीत भरलेलं असतं. त्याचे खांदे आणि मांड्या बहुधा तुमच्यापेक्षा दणकट असतात. छातीला छाती लागली की फायदा त्याचा. तुमचा फायदा तो दूर असेल तेवढाच वेळ, आणि त्याला दूर ठेवायचं काम हातांआधी पायांचं आहे.

जॅब कुठं मारायचा

जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. हात सर्वांत लांब पोचतो तो आपल्याच खांद्याच्या पातळीत. समजा, खांद्यापासून मुठीपर्यंत तुमचा हात 70 सेंटिमीटर आहे. ताठ उभं राहून खांद्यापेक्षा 15 सेंटिमीटर खाली मारला तर पोच दीड सेंटिमीटरच कमी होते, ते चालून जातं. पण समोरचा गुडघे मोडून वाकला आणि तुम्ही 40 सेंटिमीटर खाली मारलात, तर पोच साडेसत्तावन्नवर येते. म्हणजे साडेबारा सेंटिमीटर गेले. ज्या उंचीवर तुमची सगळी मदार, ती समोरच्यानं नुसतं वाकून खाल्ली! वर हात तिरका खाली गेल्यानं खांदा हनुवटीपासून सुटतो आणि उघड्या हनुवटीवर वरून समोरच्याचा उजवा ठोसा येतो.

यावर उपाय म्हणजे तुम्हीही गुडघ्यातून थोडं खाली या. कमरेतून वाकू नका. कमरेतून वाकलेल्या उंच बॉक्सरचं डोकं पुढं येतं, आणि ठेंगण्याला तेच हवं असतं. जॅबचं निशाण कपाळ किंवा छातीचा वरचा भाग ठेवा. छातीवरच्या जॅबनं कोणी पडत नाही, पण आत येणाऱ्याचं पाऊल अडतं, आणि तेवढ्यात मागून क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, काढता येतो. एकाच तालात जॅब मारत राहिलात तर समोरचा तिसऱ्या जॅबपर्यंत ताल ओळखतो आणि चौथ्याखालून आत येतो. म्हणून कधी एक, कधी दोन, कधी नुसती हूल.

जॅब सोडण्याइतकंच तो परत आणणं महत्त्वाचं. हात गेला त्याच रेषेत गालापाशी परत आला पाहिजे. आमच्या प्रशिक्षकांचं निम्मं ओरडणं याच एका गोष्टीवर खर्च होतं. पोरांचा हात थकला की गालाकडे न येता कमरेकडे येतो, आणि त्या रिकाम्या जागेतून हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, घुसतो.

सरळ मागं जाऊ नका

हौशी स्पर्धांच्या रिंगमध्ये दोरीच्या आत 6.10 मीटर जागा असते. मधून दोरीपर्यंत साधारण तीन मीटर. उंच मुलाची चार पावलं मागं पडली की पाठ दोरीला टेकते आणि लांब हातांचा उपयोग संपतो. एक किंवा फार तर दोन पावलं मागं, मग बाजूला. पुढच्या पायाच्या चवड्यावर फिरा, मागचा पाय वळवून घ्या, आणि समोरचा वळून तुम्हाला शोधेपर्यंत जॅब द्या. समोरच्याचा डावा हुक जड असेल तर आपल्या डावीकडे सरका, उजवा हात जड असेल तर उजवीकडे.

एकच पंच, दोन निकाल

वाकून येणाऱ्याला अपरकट (खालून वर मारायचा ठोसा) मारावासा वाटतो, आणि तो योग्यच पंच आहे. कुठून मारता यावर सगळं ठरतं.

8 मार्च 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. मुहम्मद अली 6 फूट 3 इंच, जो फ्रेझर सहा फुटांना जेमतेम कमी. फ्रेझरच्या प्रशिक्षकांपैकी एडी फच यांनी हेरलं होतं की अली अपरकट काढताना उजवा हात खाली नेतो, तेव्हा हनुवटी उघडी पडते. फ्रेझरला सांगून ठेवलं होतं की तो हात खाली गेला की डावा हुक सोडायचा. पंधराव्या फेरीत नेमकं तेच झालं आणि अली आडवा झाला. तो उठला, पण लढत गुणांवर, एकमतानं, फ्रेझरनं जिंकली.

आता 11 फेब्रुवारी 1990, टोकियो. माइक टायसन 5 फूट 10 इंच, पोच (इथं दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत) 71 इंच, तोवर एकही लढत न हरलेला. समोर बस्टर डग्लस, जवळपास 6 फूट 4 इंच, पोच 83 इंच. डग्लसनं रात्रभर जॅब चालू ठेवला, टायसनला आत येऊन पाय रोवू दिले नाहीत. आठव्या फेरीत टायसनच्याच अपरकटनं तो खाली गेला होता, तरी उठून पुन्हा जॅबवर आला. दहाव्या फेरीत आधी जॅब, मग अपरकट. टायसनचं डोकं वर उडालं आणि त्यामागून आलेल्या पंचांनी तो कोसळला.

डग्लसचा अपरकट आला तो जॅबनं समोरच्याला थोपवून ठेवल्यावर. अलीनं तो काढला तेव्हा फ्रेझरचा हुक तयार होता. आमच्या क्लासचा नियम साधा आहे: कोपर बरगडीजवळ ठेवून अपरकट लागत असेल तरच मारा. हात खाली नेऊन झोका घ्यावा लागत असेल तर तुम्ही लांब आहात, जॅब मारा.

आत आलाच तर

तो आत येणारच, तीन मिनिटांच्या फेरीत कोणालाही कायमचं बाहेर ठेवता येत नाही. व्यावसायिक लढतींत उंच बॉक्सर अशा वेळी मिठी मारतात. उंच हेवीवेट विजेता व्लादिमीर क्लिच्को यानं तर त्याचं शास्त्रच केलं होतं. 2013 मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर पोवेत्किनला त्यानं चारदा पाडलं, पण मिठ्या आणि ढकलाढकलीमुळे ती लढत बघवत नव्हती, आणि रेफरीनं त्याचा एक गुणही कापला. तरी तो आरामात जिंकला. तुमचं तसं होणार नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये धरून ठेवणं हा फाऊल आहे, वॉर्निंग मिळाली की गुण जातो आणि तिसऱ्या वॉर्निंगला बॉक्सर बाद होतो. कोपरं आत, हनुवटी खाली, एखादा छोटा अपरकट, आणि बाजूनं बाहेर. मान दाबणं, कोपरानं ढकलणं नकोच.

दुसरी बाजूही, म्हणजे ठेंगण्या बॉक्सरची, पाहून ठेवा. मेरी कोमनं जागतिक विजेतेपदं 45, 46 आणि 48 किलोत मिळवली होती, पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत खालचा गट 51 किलोचा. उपांत्य फेरीत तिच्यापेक्षा उंच निकोला अॅडम्सनं तिला 11-6 असं हरवलं. त्या लढतीचं चित्रीकरण मिळालं तर हातांपेक्षा अॅडम्सचे पाय बघा.

क्लासमध्ये काय करून घेतो

उंच मुलांसाठी जड बॅग मुद्दाम खाली टांगतो, म्हणजे गुडघ्यातून उतरून मारावं लागतं. जमिनीवर टेपनं चौकोन आखून त्यात फक्त जॅब आणि पावलं, पूर्ण तीन मिनिटं. महिनाभर हे कंटाळवाणं वाटतं, आणि ते टाळण्याची युक्ती आम्हाला सापडलेली नाही. स्पारिंग मात्र प्रशिक्षक सांगतील तेव्हाच, आणि शक्यतो कमी उंचीच्या जोडीदाराशी.

स्पारिंगसाठी 16 औंसांचे ग्लोव्हज, हेडगार्ड, माऊथगार्ड, अॅब्डॉमिनल गार्ड (ओटीपोटाचं कवच) आणि हँडरॅप (हाताला गुंडाळायची पट्टी) लागतात. माऊथगार्ड दुसऱ्याचा वापरू नका. ग्लोव्हज आणि हेडगार्ड सुरुवातीला क्लासचे चालतील, बाकीचं स्वतःचं आणा. मुलाला चष्मा असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा डोक्याला पूर्वी मार बसला असेल, तर स्पारिंगआधी डॉक्टरांचं पत्र लागेल. त्याशिवाय आम्ही रिंगमध्ये उतरवत नाही.