मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठी आणि हात वाचवणारी शस्त्रक्रिया

हासळीच्या हाडाच्या वर, मानेच्या कडेला जी खळगी असते, तिथे कधी कधी एखादी गाठ हाताला लागते. ती फारशी दुखत नाही, वाढते तीही इतकी सावकाश की कळत नाही. मात्र चुकून तिच्यावर बोट आपटले की झिणझिणी थेट अंगठ्यापर्यंत किंवा करंगळीपर्यंत जाते. आडवी ढकलली तर ती हलते, मज्जातंतूच्या दिशेने ढकलली तर हलत नाही. या दोन खुणा एकत्र दिसल्या की ती मज्जातंतूची गाठ असू शकते, हे मनात यायला हवे. ते सहसा येत नाही, कारण आजारच विरळा. हाताच्या एकूण गाठींमध्ये मज्जातंतूंच्या गाठींचा वाटा साधारण ५ टक्क्यांच्या आत धरला जातो, आणि त्यांतल्या मोजक्याच इतक्या वर, मानेच्या मुळाशी असतात.

कोकणात ही गाठ नजरेआड राहायला आणखी कारणे आहेत. श्रीवर्धनला सुपारीवर चढणारा, मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा, रत्नागिरीच्या बागेत झेल्याने आंबे उतरवणारा, यांचा खांदा नाही तरी दुखतच असतो. हाताला मुंग्या आल्या तर ‘कामाने भरून आलाय’ म्हणून तेल चोळले जाते. गाठ दिसलीच तर पहिला संशय टीबीचा, आणि तो अगदी रास्त आहे. आपल्याकडे मानेत गाठी होण्याचे ते फार मोठे कारण आहे. अडचण होते ती तपासणीने खात्री न करताच टीबीची औषधे सुरू झाली तर. सहा महिने गोळ्या खाऊन झाल्यावरही गाठ होती तिथेच असते आणि तोवर बोटांची पकड सैल झालेली असते.

दुसरा संशय त्याहून जुना, कुष्ठरोगाचा. कुष्ठरोगात मज्जातंतू सुजून जाड होतात, कानाखाली मानेवरून जाणारा तंतू तर त्वचेखाली दोरीसारखा उठून दिसतो. या विषयाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. हेन्री वँडाइक कार्टर या डॉक्टरने १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रे काढली. शरीररचना शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी मानेतले मज्जातंतूंचे जाळे त्या पुस्तकावरून ओळखले. त्याच वर्षी तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि पुढे इथल्या कुष्ठरुग्णांच्या मज्जातंतूंचा त्याने बारकाईने अभ्यास केला. मज्जातंतू हा स्वतंत्रपणे आजारी पडणारा अवयव आहे, ही समज आपल्या भागात रुजवणाऱ्या पहिल्या माणसांत मी त्याचे नाव घेईन.

त्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. मज्जातंतूंची मानेतली शेवटची चार मुळे आणि छातीतले पहिले, अशी पाच मुळे मणक्यांमधून निघतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा फुटतात आणि हासळीच्या हाडामागून काखेत उतरतात. खांदा उचलण्यापासून सुईत दोरा ओवण्यापर्यंत हाताचे जवळपास सगळे काम त्यांच्यावर चालते. वरच्या मुळांना धक्का लागला तर खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही. खालच्या मुळांना लागला तर बोटे दुबळी होतात. शेजारी हाताची मोठी धमनी, फुप्फुसाचे टोक आणि श्वासपटलाला हलवणारा तंतू. इतक्या दाटीत गाठ होणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

एकोणिसाव्या शतकात सर्जनपुढे दोनच वाटा होत्या: गाठ तशीच ठेवायची किंवा मज्जातंतूसकट कापून टाकायची. १८४९ साली डब्लिनच्या रॉबर्ट स्मिथने अशा गाठींवर सचित्र ग्रंथ लिहिला. १८८२ मध्ये फ्रीडरिश फोन रेकलिंगहाउझेन याने अंगभर गाठी येणाऱ्या आजाराचे वर्णन करून त्या गाठी मज्जातंतूंशी निगडित असल्याचे दाखवले. बाझेलच्या लुडविग कूर्व्हाझिएचा या गाठींवरचा मोठा प्रबंध आला १८८६ मध्ये. तोवर ईथरची भूल आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धत रुळली होती, त्यामुळे रोगी टेबलावरून जिवंत उठत असे. हात मात्र लुळा पडण्याची भीती कायम होती.

हे चित्र बदलले ते एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नामुळे: गाठ नेमकी कशाची? थिओडोर श्वान याने १८३९ मध्येच तंतूंभोवती आवरण घालणाऱ्या पेशी वर्णिल्या होत्या. १९१० साली प्राग इथे काम करणाऱ्या होसे व्हेरोकाय याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की यांतल्या बऱ्याच गाठी त्या आवरणाच्या पेशींपासून होतात. १९२० मध्ये स्वीडनच्या निल्स आंतोनी याने त्यांची दोन प्रकारची ठेवण सांगितली. आज पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘आंतोनी ए’ आणि ‘आंतोनी बी’ असे शब्द दिसतात ते तिथून आले.

प्रयोगशाळेतल्या या शोधाचे मोल शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळते. गाठ आवरणाची असेल तर संदेश वाहून नेणारे तंतू तिच्यातून जात नाहीत, तिच्या पृष्ठभागावर पसरलेले असतात. मग दोन तंतूंच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा छेद द्यायचा, आणि गऱ्यातून आठळी सुटून यावी तशी गाठ अख्खी बाहेर काढायची. या गाठीला श्वानोमा म्हणतात. न्यूरोफायब्रोमा या मज्जातंतूच्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीचे तसे नसते. त्यात काही तंतू गाठीच्या आतून जातात, त्यामुळे सोडवणूक जिकिरीची होते आणि काही वेळा थोडा भाग मागे ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

पण कोणता तंतू कामाचा, हे ओळखायचे कसे? ते ज्ञान बरेचसे युद्धांतून आले. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना हर्बर्ट सेडन याने १९४३ मध्ये मज्जातंतूच्या इजेच्या तीन पायऱ्या मांडल्या. ऑस्ट्रेलियाच्या सिडनी संडरलँडने १९५१ मध्ये त्या पाच केल्या. शस्त्रक्रियेसाठीचे आधुनिक सूक्ष्मदर्शक १९५०च्या दशकात बाजारात आले आणि केसाहून बारीक धाग्यांनी टाके घालणे जमू लागले. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी याने तुटलेल्या तंतूंच्या मध्ये दुसरीकडचा तंतू ताण न देता जोडण्याची पद्धत घडवली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या डेव्हिड क्लाइनने शस्त्रक्रिया चालू असतानाच तंतूतून विजेचा संदेश पाठवून तो पुढे पोचतो का हे मोजण्याचा पाया घातला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात रुग्णाच्या सर्वांत जास्त कामी आलेली गोष्ट हीच. डोळ्यांना जे सारखे दिसते त्यातला जिवंत तंतू ती दाखवून देते.

भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला सुरू केला. १९५१ मध्ये न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. कोकणातल्या माणसासाठी मात्र मोठे इस्पितळ म्हणजे मुंबई, त्यातही परळचे केईएम. ते १९२६ साली सुरू झाले तेव्हा भोवती गिरण्या होत्या आणि चाळींत रत्नागिरीचे चाकरमानी. गावाहून आलेल्या रुग्णाला काकाच्या खोलीवर पथारी मिळे, डबा मिळे, नंबर लावायला कुणीतरी मिळे. ही नात्यांची सोय आपल्या आरोग्यव्यवस्थेचा मोठा भाग होती, आजही आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागेपर्यंत हा प्रवास बोटीने नाहीतर रात्रभर एसटीने व्हायचा. हात किंचित बधिर झाला म्हणून एवढा खटाटोप कोण करणार? माणसे निघत ती हात पडल्यावरच.

आज आधी एमआरआय होतो. गाठ कोणत्या मुळावर आहे, मणक्याच्या आत शिरली आहे का, धमनीला चिकटली आहे का, हे त्यात दिसते. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारे औषध जपून वापरतो, कारण तंतूला विजेचा स्पर्श केल्यावर स्नायू उडाला पाहिजे. जिथे स्पर्श करूनही काही हलत नाही तिथे छेद दिला जातो. गाठीत शिरणारा आणि बाहेर पडणारा एखादा तंतू असतो, तो बहुतेकदा निकामी झालेला असतो आणि तेवढाच कापतात. मणक्याच्या अगदी जवळच्या गाठींसाठी काही वेळा पाठीकडून, खांद्याच्या फऱ्याच्या बाजूने जावे लागते. नंतर काही आठवडे मुंग्या किंवा अशक्तपणा राहू शकतो.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ‘गाठीला सुई लावू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. इतर बहुतेक गाठींबाबत ती समजूत नुकसान करते, कारण सुईच्या तपासणीनेच टीबी किंवा कॅन्सर वेळेत कळतो. पण जिच्यावर टिचकी मारल्यावर हातात झिणझिणी जाते, त्या गाठीची गोष्ट वेगळी. तिथे आधी एमआरआय, आणि सुई लावायची की नाही हे मज्जातंतूंची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने ठरवायचे. लिम्फची गाठ समजून छोट्या ऑपरेशन थिएटरात ती कापून काढली तर तिच्याबरोबर मज्जातंतूही कापला जाऊ शकतो, आणि मग तो जोडायला पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागते.

अंगावर अनेक गाठी आणि कॉफीच्या रंगाचे चट्टे असतील तर तो न्यूरोफायब्रोमॅटोसिस असू शकतो. साधारण ३००० जन्मांत एकाला तो होतो आणि त्याला कारण असलेले जनुक १९९० मध्ये सापडले. तो संसर्गजन्य नाही. अशा माणसांना कुष्ठरोगी समजून लग्नकार्यात मागे बसवणे किंवा घरात झाकून ठेवणे हा घोर अन्याय आहे. त्यांची एखादी गाठ झपाट्याने वाढू लागली, रात्री ठणकू लागली किंवा हात अशक्त होऊ लागला तर थांबू नये, कारण यांच्यात गाठीचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. ज्या मुलांच्या जाळीदार गाठी शस्त्रक्रियेने काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी २०२० मध्ये सेलुमेटिनिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते महागडे आहे.

गेल्या काही वर्षांत अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. इतकी नाजूक शस्त्रक्रिया तिथे लगेच व्हावी असा आग्रह धरण्यात अर्थ नाही, ती अनुभवी हातांतच व्हावी. ओळख मात्र इथेच पटू शकते, आणि त्यानंतरची फिजिओथेरपी इथेच व्हायला हवी. टाके निघाल्यावर माणूस गावी परततो आणि पुढचे कित्येक महिने सांधे आखडू न देण्याचा, दुबळे स्नायू पुन्हा कामाला लावण्याचा व्यायाम त्याला रोज करायचा असतो. दापोलीच्या किंवा कणकवलीच्या माणसाला त्यासाठी दर आठवड्याला मुंबई गाठणे परवडत नाही.