आधी विष, मग क्षय, मग ‘टेन्शन’

आतड्याला सूज आणणाऱ्या दोन जुनाट आजारांची, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स यांची, ही गोष्ट. मे १८५९. लंडनजवळच्या रिचमंडमध्ये इझाबेला बँक्स ही बाई वारली. त्याआधी कित्येक दिवस उलट्या आणि जुलाब थांबत नव्हते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विषप्रयोगाचा संशय आला, आणि तिचा ‘नवरा’ डॉ. थॉमस स्मेथर्स्ट पकडला गेला. ‘नवरा’ अवतरणात, कारण त्याची पहिली बायको हयात होती आणि बँक्सबाईंचं मृत्युपत्र त्याच्या नावावर होतं. तज्ज्ञाला एका बाटलीत आर्सेनिक सापडलं. पुढे कळलं की ते त्याच्याच चाचणीतल्या तांब्याच्या जाळीतून आलं होतं. तरीही स्मेथर्स्टला फाशीची शिक्षा सुनावली गेली. डॉक्टरांनी आणि वकिलांनी ओरड केल्यावर माफी मिळाली, पण दोन लग्नं केल्याबद्दल वर्षभर तुरुंग चुकला नाही.

या खटल्यात गायज हॉस्पिटलच्या सॅम्युएल विल्क्स यांनी बँक्सबाईंचं आतडं तपासलं होतं. आतून सूज आणि जखमाच जखमा. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होणाऱ्या आजाराचा, इतिहास या वर्णनापासून मोजतात. गंमत अशी की लहान आतड्याचा शेवटचा भागही खराब होता, म्हणून आज अनेक जाणकारांना तो क्रोन्स वाटतो, म्हणजे लहान आतड्यालाही धरणारा दुसरा आजार. म्हणजे पहिल्याच नोंदीत दोन भावंडांची अदलाबदल!

विषानंतर संशय क्षयावर गेला. आतड्याच्या क्षयातही भिंत जाड होते, वाट अरुंद होते. १९१३ मध्ये ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅल्झिल यांनी अशी काही आतडी दाखवून, हा क्षय नव्हे, असं सांगितलं. फारसं कुणी ऐकलं नाही. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातून बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी याच आजारावर १४ रुग्णांचा लेख छापला. रुग्ण सर्जन ए. ए. बर्ग यांचे, पण लेखनात आपला हात नाही म्हणून त्यांनी नाव लावू दिलं नाही. लेखकांची नावं वर्णक्रमाने लागली आणि क्रोन अमर झाले. बर्ग हो म्हणाले असते तर आज आपण ‘बर्ग्ज डिसीज’ म्हणालो असतो.

मग आळ आला मनावर. १९३० पासून पुढची दोन-तीन दशकं कोलायटिसच्या रुग्णाला ‘तुमचा स्वभावच हळवा’ असं ऐकवलं जाई. ताणाने लक्षणं बळावू शकतात, हे खरं. पण रक्त पडणाऱ्या माणसालाच दोषी धरणं मला या इतिहासातली सगळ्यात वाईट चूक वाटते.

औषध मात्र चुकतमाकत सापडलं. स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांनी सल्फासॅलाझिन बनवलं ते सांधेदुखीसाठी. दिलासा मिळाला कोलायटिसवाल्यांना. त्यातला सल्फाचा भाग हा नुसता भारवाहक, खरं काम सॅलिसिलेटचं, हे कळायला १९७७ उजाडलं. आजचं कोलायटिसचं औषध मेसालामाइन त्यातूनच आलं. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोन (एक स्टेरॉइड) विरुद्ध खोटं औषध अशी रीतसर चाचणी घेतली, आणि कॉर्टिसोनचा गुण आला. त्यांचे तीव्रतेचे निकष अजून वॉर्डात वापरतात: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तमिश्रित शौच, जोडीला ताप, नव्वदीपार नाडी, घसरलेलं हिमोग्लोबिन किंवा वाढलेला ईएसआर (सूज दाखवणारी रक्तचाचणी).

१९६० मध्ये लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन यांनी दाखवलं की क्रोन्स मोठ्या आतड्यातही होतो. तेव्हा कुठे दोन्ही आजार नीट वेगळे करता येऊ लागले. आतड्यात घालून बघायची लवचिक दुर्बीण आली, आतड्याचा तुकडा काढून बायोप्सी करणं सोपं झालं. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, आणि जुना क्षय पुन्हा दारात आला. हे इंजेक्शन शरीरात दडलेला क्षय जागा करू शकतं, म्हणून पहिल्या डोसआधी क्षयाची तपासणी करावीच लागते.

आजार यातला कोणता, याचा एका चाचणीत निकाल लागत नाही तो नाहीच. लक्षणं, रक्त, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेत वाढणारं प्रथिन), दुर्बीण, बायोप्सी असं सगळं जुळवावं लागतं. इतकं करूनही कोलायटिसच्या साधारण दहा टक्के रुग्णांच्या फाइलवर या दोन्हींपैकी एकही नाव पडत नाही. तिथे लिहिलेलं असतं, ‘अवर्गीकृत’.